महाल कुणाचा, मजुरी कुणाची?

एखाद्या भुकेल्या माणसाला कामावर घेतले, त्याच्याकडून दिवसभर काम करवून घेतले आणि संध्याकाळी त्याच्या हातावर मजुरी ठेवली, तर तो उपकार झाला की व्यवहार? प्रश्न वरवर सोपा वाटतो. पण पुण्याच्या नगर रस्त्यावर, येरवड्याजवळ, आगाखान महालाच्या हिरवळीवर उभे राहून तो विचारला की तितका सोपा राहत नाही. या महालाची जी हकिकत येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जाते ती अशी : आसपासच्या गावांत दुष्काळ होता, माणसे उपाशी होती, त्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून सुलतान मुहम्मद शाह आगाखान तिसरे यांनी हा महाल बांधायला काढला. साल 1892. म्हणजे इमारत हे निमित्त. खरा हेतू भुकेल्यांच्या तोंडी घास जावा हा. पाहुणे हकिकत ऐकतात, 'वा!' म्हणतात आणि कमानींखाली फोटो काढायला वळतात.

आम्ही द्रोणागिरीत राहतो आणि उरण परिसरातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या सहावी-सातवीच्या मुलांची सहल या महालात गेली होती. मुलांची पसंती खरे तर वॉटर पार्कला होती, आणि ती त्यांनी लपवलीही नाही. पण आत शिरल्यावर ती हिरवळ, ती जुनी झाडे, ते प्रशस्त आवार पाहून पोरे अशी सुटली की त्यांना आवरताना आमची दमछाक झाली. उरणच्या मुलांना समुद्र नवा नाही, खाडी नवी नाही, कंटेनरच्या रांगा तर उठता-बसता डोळ्यांसमोर. पण आत जाताना कुणी हटकत नाही अशी एवढी मोठी बाग त्यांनी पाहिलेली नव्हती. पुढे झाडाखाली डबे उघडले गेले तेव्हा आम्ही त्यांना दुष्काळाची हकिकत सांगितली. सातवीतली एक मुलगी घास हातात धरूनच म्हणाली, "सर, काम करवाया तो एहसान कैसा?"

त्या प्रश्नावर परतीच्या वाटेवर, बस घाट उतरेपर्यंत, बरेच बोलणे झाले. पण काही प्रश्न बसमध्ये संपत नाहीत. हा लेख म्हणजे त्याच बोलण्याचा उरलेला भाग होय.

प्रश्न त्या मुलीला का सुचला हे आम्हाला ठाऊक आहे. तिचे वडील एका कंटेनर यार्डात ठेकेदाराकडे हजेरीवर काम करतात. मुकादमाचे बोलणे त्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी घरी येते : मी काम देतो म्हणून तुमच्या चुली पेटतात. एक खाडा झाला की दुसऱ्या दिवशी आधी हे वाक्य ऐकावे लागते, मग काम मिळते. आमच्या वर्गातल्या निम्म्या घरांत हे वाक्य थोड्याफार फरकाने राहत असावे. फक्त मजुरांच्याच घरात असते असेही नाही. आम्ही स्वतः तीन वर्षे शिक्षणसेवक होतो. ही योजना 2000 साली आली. नेमणूक झालेल्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे पगाराऐवजी मानधन. आमच्या काळात माध्यमिकला ते महिना आठ हजार रुपये होते. 2023 पासून अठरा हजार झाले. त्या तीन वर्षांत, ज्या संस्थेत आम्ही होतो तिथल्या एका कारभाऱ्याने किती वेळा ऐकवले असेल, की 'आम्ही तुम्हाला नोकरी दिली हे विसरू नका'! आणि शिकवत होतो ते काय होते?

भाषाच पाहा ना. मराठीत मालक काम 'देतो', नोकरी 'देतो', पगार 'देतो'. मजूर मात्र काम 'करतो' आणि पगार 'घेतो'. म्हणजे ज्याने घाम दिला, हात दिले, आयुष्यातले दिवस दिले, तो भाषेत घेणारा ठरतो, आणि ज्याने ते सगळे घेतले तो देणारा. उर्दूत मजुरीला 'उजरत' म्हणतात, आणि अल्लाहकडून मिळणाऱ्या मोबदल्याला 'अज्र'. दोन्ही शब्द एकाच धातूचे. घाम सुकण्याआधी मजुराची उजरत द्या, ही शिकवण आपल्या घराघरांत माहीत आहे. तिच्यात उजरत हे देणे आहे, ज्याचे त्याला चुकते करायचे देणे. एहसानाचा तिथे उल्लेखही नाही.

मग आगाखान महालाचे काय?

आधी बांधणाऱ्याला न्याय दिला पाहिजे. सुलतान मुहम्मद शाह यांचा जन्म 1877 चा, कराचीचा. वडिलांच्या मृत्यूनंतर 1885 साली, वयाची आठ वर्षेही पुरी झालेली नसताना, ते निझारी इस्माइली जमातीचे इमाम झाले. 1892 हे साल धरले तर महालाचे काम निघाले तेव्हा ते चौदा-पंधरा वर्षांचे होते, आमच्या नववी-दहावीच्या मुलांएवढे! पुढे हेच गृहस्थ 1906 साली स्थापन झालेल्या मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्ष झाले, अलीगढच्या विद्यापीठासाठी त्यांनी देशभर निधी गोळा केला आणि 1937 साली राष्ट्रसंघाच्या सभेचे अध्यक्षपदही भूषवले. त्यांच्या राजकारणाविषयी आमचे मत काय, हा येथे प्रश्न नाही. दख्खनचा मोठा दुष्काळ 1896-97 चा. महालाचे काम पाच वर्षे चालले असे जे म्हणतात ते धरले, तर तोही त्या मुदतीत येतो.

या महालाविषयी तीन आकडे नेहमी सांगितले जातात : एक हजार मजूर, पाच वर्षे, बारा लाख रुपये. आम्ही बसमध्ये मुलांना हिशेब घातला. बारा लाख भागिले एक हजार, म्हणजे माणशी बाराशे. पाच वर्षांचे महिने साठ. माणशी महिन्याला वीस रुपये. मुले खूश झाली. त्या काळचे वीस रुपये म्हणजे मोठी रक्कम. पण त्या काळात मजुराची मजुरी दिवसाला काही आणे असे. मग बाकीचे कुठे गेले? एका मुलाने बरोबर सांगितले : पत्थर, लकडी, काच, ठेकेदार. म्हणजे आकडे खरे धरले तरी बारा लाखांतले भुकेल्यांच्या पोटात गेले ते थोडेच. मोठा वाटा महालाच्या अंगावर गेला. निव्वळ खैरातच करायची असती तर तेवढ्या पैशात किती तरी अधिक चुली पेटल्या असत्या.

हा हिशेब खरा असला तरी पुरा नाही. उपाशी माणसाला मालकाचा हेतू तपासायला सवड नसते. अमर्त्य सेन यांनी 1981 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की दुष्काळात माणसे मरतात ती दर वेळी धान्य नसते म्हणून नव्हे. पुष्कळदा बाजारात धान्य असते, पण ते विकत घ्यायला मजुराच्या हाती पैसा उरलेला नसतो. शेत बंद पडले की मजुरी बंद, आणि मजुरी बंद की समोरच्या दुकानातले ज्वारीचे पोतेसुद्धा परके होते. अशा वेळी ज्याने हजार माणसांच्या हाती रोख मजुरी ठेवली, त्याने त्यांना बाजारात पुन्हा उभे केले. हे छोटे काम नाही. मजुरी घेऊन घरी गेलेल्या बाईने त्या रात्री भाकरी थापली असेल, तेव्हा महाल कुणाचा हा प्रश्न तिला पडला नसेल. तो आम्हाला पडतो, कारण आमचे पोट भरलेले आहे. म्हणून तो विचारू नये असे मात्र नाही.

सरकारी दुष्काळी कामांशी तुलना केली तर आगाखानांची बाजू आणखीच उजळ दिसते. 1876 ते 78 चा दुष्काळ दख्खनने पाहिला तो भयंकर होता. त्या वेळी सरकारी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी जानेवारी 1877 मध्ये दुष्काळी कामावरची मजुरी कमी केली : पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा, बायका-मुलांना त्याहून कमी. त्यासाठी दिवसभर खडी फोडायची. सरकारला भीती कशाची होती? लोक ऐदी होतील, फुकटचे खातील याची. म्हणून काम मुद्दाम कष्टाचे आणि मजुरी मुद्दाम तुटपुंजी, म्हणजे खरा उपाशी असेल तोच येईल. मुंबई इलाख्यात मजुरांनी ही मजुरी नाकारली आणि हजारोंनी कामावरून निघून गेले. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. उपाशी माणसांनी संप केला! शाळेच्या पाठ्यपुस्तकात हे एवढेसे तरी यायला हवे होते असे आम्हाला वाटते. अन्नाला मोताद झालेले लोक सांगत होते, की आमची भूक म्हणजे आमच्या श्रमाचा भाव पाडायचा परवाना नव्हे.

त्याच 1877 साली पुण्याजवळ धनकवडीला जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालवला. तिथे मुलांना जेवण मिळे. त्याबदल्यात त्यांना खडी फोडायला लावली नाही, की त्यांच्याकडून कुणाची कमान बांधून घेतली नाही. मूल उपाशी आहे एवढे कारण पुरेसे होते.

आता आपल्या घरातली एक जुनी गोष्ट. अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात ती येते आणि दीनियातच्या तासाला प्रत्येक मुलाने ती ऐकलेली असते. एक अन्सारी पैगंबरसाहेबांकडे (स.) मागायला आला. घरात काय आहे, असे त्याला विचारण्यात आले. एक जाडेभरडे कापड आणि पाणी प्यायचा एक कटोरा, एवढेच होते. त्या दोन वस्तूंचा तिथेच लिलाव झाला, दोन दिरहम आले. एकाचे घरच्यांसाठी अन्न, दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते. पैगंबरसाहेबांनी स्वतःच्या हाताने त्याला दांडा बसवून दिला आणि सांगितले, की जा, लाकडे तोड, वीक आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस. तो परतला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते.

भीक मागण्यापेक्षा कष्ट बरे, असा या गोष्टीचा अर्थ आपण मुलांना सांगतो, आणि तो बरोबरच आहे. पण महाल पाहून आल्यापासून आम्हाला या गोष्टीतली दुसरीच बाब दिसू लागली आहे. कुऱ्हाड त्या माणसाची होती. ती त्याच्याच कापडाच्या आणि कटोऱ्याच्या पैशातून आली. तोडलेली लाकडेही त्याचीच, आणि दहा दिरहमही त्याचेच. मदत करणाऱ्याने दांडा बसवला, रस्ता दाखवला आणि मग पंधरा दिवस तो बाजूला झाला. लाकडाच्या मोळीवर त्याचा वाटा नव्हता. महालाच्या कामावर आलेल्या माणसाने मात्र घमेले खाली ठेवले तेव्हा त्याच्या हातात दिवसाची मजुरी होती आणि समोर दुसऱ्याची भिंत, कालच्यापेक्षा हातभर उंच झालेली.

लखनौचा बडा इमामबाडा याच जातीचा. 1784 च्या दुष्काळात नवाब असफुद्दौला यांनी लोकांना काम मिळावे म्हणून तो बांधायला काढला. तिथे एक दंतकथा सांगतात : दिवसा सामान्य मजूर बांधत, आणि रात्री घरंदाज पण कफल्लक झालेली माणसे थोडे पाडून ठेवत, म्हणजे काम संपू नये. रात्रीचे काम अशासाठी, की कोण मजुरी घेतो हे कुणाला दिसू नये. दंतकथा खरी असेल-नसेल. पण लोकांनी ती जपली, याचा अर्थ दुष्काळी काम अब्रूला बोचते हे लोकांना माहीत होते. तरी इमामबाड्याचे एक बरे, की तो कुणाचे राहते घर नव्हता. तो बांधणारा मजूर मुहर्रमच्या मजलिशीला त्याच छताखाली बसू शकत होता. त्याने उचललेली वीट त्याच्यासाठी बंद झाली नाही.

आगाखान महालाच्या नशिबी दुसरेच काही होते. 9 ऑगस्ट 1942 रोजी पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली आणि त्यांना या महालात आणून ठेवण्यात आले. महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन बरोबर होत्या, कस्तुरबाही आल्या. हिरवळीभोवती पहारा बसला. ज्या बागेत मेजवान्या व्हायच्या ती बाग तुरुंग झाली. सहाव्या दिवशी, 15 ऑगस्टला, पन्नाशीतले महादेवभाई हृदयविकाराने गेले. त्यांचे दहन याच आवारात झाले आणि गांधीजी त्या जागी रोज फुले घेऊन जात. सत्तरी ओलांडलेल्या कस्तुरबांना ते तिथे भूगोल शिकवत; शिक्षक म्हणून ही गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबाही तिथेच गेल्या. दोघांच्या समाध्या बागेच्या मागच्या अंगाला शेजारी शेजारी आहेत. आमच्या दंगेखोर पोरांचा आवाज तिथे आपोआप खाली आला. कुणी सांगावे लागले नाही.

त्या कैदेत गांधीजींनी सरकारला लिहिलेल्या एका पत्रात म्हटले होते, की एवढ्या मोठ्या वास्तूत, एवढ्या पहाऱ्यात मला ठेवणे म्हणजे लोकांच्या पैशाची उधळपट्टी आहे. मला कुठलाही साधा तुरुंग चालेल. महालात राहून महालाचा खर्च कुणाच्या ताटातून येतो हे विचारणारा हा पाहुणा होता. आणि काळ कुठला? 1943 साली बंगालमध्ये दुष्काळ पडला होता. मेलेल्यांचे अंदाज वीस-तीस लाखांच्या घरात जातात. दुष्काळात काय करायचे याचे सरकारी नियम एकोणिसाव्या शतकापासून लिहून ठेवलेले होते, तरी बंगालमध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीरच केला गेला नाही, कारण जाहीर केला की कामे काढावी लागतात, मजुरी द्यावी लागते. दुष्काळग्रस्तांसाठी बांधली म्हणून सांगतात त्या इमारतीवर पहारा ठेवायला मात्र त्या सरकारकडे माणसे आणि पैसा होता.

1969 हे गांधीजींच्या जन्मशताब्दीचे साल. त्या वर्षी आगाखान चौथे, शाह करीम अल् हुसैनी यांनी महाल आणि त्याचे आवार गांधीजींच्या स्मृतीसाठी भारतीय जनतेला देऊन टाकले. आजोबांनी बांधलेली, शहराच्या अगदी मोक्याच्या जागी असलेली सुमारे एकोणीस एकरांची मालमत्ता. देणारे तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांचे निधन झाले. 2003 साली ही वास्तू राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून जाहीर झाली.

आमच्या मते, त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर येथे थांबून द्यावे लागते. 1892 मध्ये जे झाले तो व्यवहार होता. चांगल्या हेतूचा, वेळेवर केलेला, सरकारी खडी-केंद्रांपेक्षा निश्चित माणुसकीचा, पण व्यवहार. घाम घेतला, उजरत दिली, फिटंफाट. त्यात कुणी कुणाचे मिंधे राहण्याचे कारण नाही. एहसान म्हणावे असे काही घडले असेल तर ते 1969 मध्ये, कारण तेव्हा देणाऱ्याने जे दिले ते परत त्याच्याकडे आले नाही. अबू तल्हा (रजि.) यांनी मदिनेतली आपली सर्वांत लाडकी खजुराची बाग, बैरुहा, देऊन टाकली ती गोष्ट वाचकांना आठवत असेल. बाग मशिदीसमोर होती, तिचे पाणी गोड होते, पैगंबरसाहेब (स.) स्वतः ते प्यायला जात. प्रिय असेल त्यातून खर्च करण्याविषयीची आयत उतरली आणि ते उठून म्हणाले, की मला सर्वांत प्रिय ही बागच आहे. बाग दिल्यावर ते तिचे मालक राहिले नाहीत, एवढ्यानेच ती गोष्ट चौदाशे वर्षे सांगितली जाते. त्या बागेत पाणी शिंपणाऱ्यांना त्यांनी काम 'दिले' होते, म्हणून नव्हे.

आमचे एक सहकारी या मताशी सहमत नाहीत. त्यांचे म्हणणे, इतका काटेकोर हिशेब मांडला तर उद्या कुणी श्रीमंत माणूस दुष्काळात विटेवर वीट ठेवणार नाही. पैसे तिजोरीत ठेवील आणि निवांत बसेल. मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. त्यांनी मुरुडचे उदाहरण दिले. आपल्याच रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा आहे; येणारे-जाणारे तो रस्त्यावरून पाहतात आणि पुढे जातात, कारण ती खाजगी मालमत्ता आहे. ते म्हणाले, तिथे तुमच्या पोरांना हिरवळीवर लोळता येईल का? नाही येणार. ज्याची त्याची मालमत्ता, आमची तक्रार नाही. पण म्हणूनच तर उघडलेल्या दाराची किंमत कळते. ते दार 1969 ला उघडले, 1892 ला नव्हे, एवढेच आमचे म्हणणे. श्रीमंतांनी दुष्काळात जरूर बांधावे. फक्त ज्यांच्या हातांनी बांधले त्यांच्या डोक्यावर उपकाराचे घमेले देऊ नये.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. महालात दात्याचे नाव आहे, कैद्यांची नावे आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. बांधणारे मात्र 'एक हजार' आहेत. त्यातले एकही नाव सांगितले जात नाही. येरवड्याचे कोण होते, खराडीचे कोण होते, त्यात बायका किती, कोण पाच वर्षे टिकले, कोण चुन्याच्या भट्टीवर भाजले? बागेत हिंडताना आम्ही मुलांना एक खेळ दिला होता : भिंतीकडे, फरशीकडे, पायऱ्यांकडे बघा आणि जिथे माणसाच्या हाताची खूण वाटेल तिथे थांबा. एक मुलगा पायरीच्या घासलेल्या कडेपाशी थांबला. ती खूण चालणाऱ्यांची होती, बांधणाऱ्यांची नव्हती. पण तो थांबला.

द्रोणागिरीत राहणाऱ्याला हा प्रश्न पुण्याला सोडून येता येत नाही. आम्ही राहतो ते नगर ज्या जमिनीवर उभे आहे ती एके काळी भाताची शेती आणि मिठागरे होती. 1970 साली नवी मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील 95 गावांच्या जमिनी संपादनासाठी ठरल्या. भाव पुरेसा नाही म्हणून लोक उभे राहिले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यात जानेवारी 1984 मध्ये जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मूळ मालकांना परत देण्याचे धोरण आले. त्या पाचांची नावे इथे विसरलेली नाहीत, दर जानेवारीत त्यांना अभिवादन होते. आता इथे रुंद रस्ते आहेत, सेक्टर आहेत, जानेवारी 2024 पासून लोकल धावते आणि द्रोणागिरी नावाचे स्टेशनही आहे. संध्याकाळी आम्ही कुटुंबासह फिरायला निघतो तेव्हा शेजारीपाजारी म्हणतात, बघा, या भागाला केवढा रोजगार 'दिला'! बंदराने दिला, गोदामांनी दिला. हो, रोजगार आला हे खरे. पण तो ज्या जमिनीवर आला ती जमीन देणारा आजच्या बोलण्यात 'घेणारा' कसा झाला, हे आमच्या लक्षात येत नाही. त्याच बांधाचा पूर्वीचा मालक आज त्याच जागेवरच्या गोदामाबाहेर हजेरीसाठी उभा राहतो तेव्हा मुकादम त्यालाही तेच वाक्य ऐकवत असेल काय?

महाराष्ट्राने या वाक्याला एकदा चांगले उत्तर दिलेले आहे. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसे सरकारी कामांवर होती. त्यातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पुढे 2005 साली देशासाठी याच धर्तीवर कायदा आला. या योजनेत गैरप्रकार झाले, खोट्या हजेऱ्या लागल्या, हे आम्ही नाकारत नाही. पण तिच्या नावातला 'हमी' हा शब्द फार मोलाचा होता. काम मागणारा अर्ज घेऊन येतो आणि काम पुरवणे हे सरकारचे कर्तव्य होते. मेहेरबानी हा शब्दच कागदावरून गेला. आणि त्या कामातून जे उरले, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, ते कुणा एकाच्या अंगणात उभे राहिले नाही.

बी.एड. करताना आम्ही तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात होतो. ते वर्ष 2012-13 चे, म्हणजे तेही दुष्काळाचेच. शहराबाहेर निजामशाहीतली फराहबाग पाहिली होती : मधोमध महाल, आणि ज्या तलावात तो उभा होता त्या तलावाला पाणी नाही. सरावपाठांसाठी ज्या गावी जात होतो तिथे एक पाझर तलाव होता. त्याच्या भरावावर सत्तरी गाठलेले एक बाबा शेळ्या घेऊन बसत. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी बायकोसह त्या भरावावर माती टाकली होती. कामावर मिळणारी सुकडी, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी, सारे त्यांना चवीसकट आठवत होते. काठीने एक कोपरा दाखवून म्हणाले, "ह्यो एवढा भराव आमच्या टोळीचा." तळाशी थोडे गढूळ पाणी उरले होते, त्यांच्या दोन शेळ्या तिथे तोंड लावत होत्या. हा तलाव कुणाचा, असे आम्ही सहज विचारले. म्हातारबाबांनी आमच्याकडे पाहिले, बहुधा मास्तर शहरातला आहे असे त्यांना वाटले असावे. "कुनाचा म्हंजी? गावाचा," असे म्हणून त्यांनी मग, त्या वर्षी मजुरी किती आठवडे थकली होती आणि ती मिळवायला टोळीतल्या बायका तालुक्याला कशा जाऊन बसल्या, ती हकिकत सांगायला घेतली.